पाहुण्याचे पान

पंगतीत उशिरा येणारा पाहुणा स्वतः कोणाला फारसा त्रास देत नाही. बिचारा ओशाळूनच येतो. पण त्याची जागा धरलेली नसली म्हणजे सगळ्या ओळीला सरकावे लागते. कोणाची वाटी कलंडते, कोणाची चटणी शेजारच्याच्या मिठाला जाऊन भेटते, आणि ज्याने नुकताच घासासाठी हात पुढे केलेला असतो, त्याच्या हाताखालून पानच निघून गेलेले असते. आमच्या धुळ्याच्या घरी म्हणून आईचा एक नेम होता. येतो म्हणून कळवलेल्या माणसाचे पान आधी मांडायचे. तो अर्ध्या जेवणात येवो की ताकभाताला येवो, त्याचा पाट, त्याचे पान, त्याचे पाण्याचे भांडे जागेवर असायचे. बाकीचे स्वस्थ जेवत.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझी धाव ठाऊक आहे. शब्द, म्हणी, जुनी पुस्तके, फार तर वर्गातली एखादी गंमत, यापलीकडे मी सहसा जात नाही. यंदा मात्र माझे सहा-सात महिने संगणकावरच्या पानांत गेले, आणि त्या पानांनी मला आईच्या त्या नेमाची आठवण करून दिली. तेव्हा दिवाळीच्या फराळात एवढे एक नवे ताट सोसून घ्यावे.

झाले असे की, आमच्या जळगावच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिक अंकांतले निवडक लेख कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी टंकलिखित करून, छायाचित्रांसकट संकेतस्थळावर चढवून ठेवले होते. आता संकेतस्थळ बदलायचे ठरले, तेव्हा ती सारी पाने नव्या पद्धतीने पुन्हा लिहून काढणे आले. मजकूर मराठी आहे, सबब हे काम मराठी विभागाचे, असा निर्णय झाला. या न्यायाने पंपावरची सूचना मराठीत असेल तर पंप दुरुस्त करणेही आमच्याकडे यायला हरकत नाही. पण मदतीला संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा दिला होता, चोपड्याकडचा, मितभाषी आणि हुशार. त्याच्या भरवशावर मी होकार दिला.

पाने तीनशेच्या वर आणि चित्रे हजाराच्या वर होती. आम्ही पहिली पन्नास पाने नव्या साच्यात बसवली, अक्षर मोठे केले, समास ऐसपैस ठेवले. माझ्या संगणकावर ती फार देखणी दिसत. त्याच आठवड्यात मी माहेरी जाणार होते. म्हटले, पहिला वाचक नाना.

इथे नानांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. माझे वडील धुळ्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. मॅट्रिकनंतर त्यांना कॉलेजात जायचे होते, ते राहिले. पुढची पंचवीस वर्षे ते उभे राहून केसमधून खिळे उचलीत आणि इतरांची वाक्ये जुळवीत राहिले. आज मी ज्या महाविद्यालयात शिकवते, त्याचाच वार्षिक अंक काही वर्षे त्यांच्या छापखान्यात छापला जाई. १९७३ च्या अंकात कुणा विद्यार्थ्याने मेहरूणच्या तलावावर लिहिलेला एक लेख होता. तो त्यांनी जुळवला होता, आणि जुळवता जुळवता तो त्यांना इतका आवडला होता, की आमच्या लहानपणी त्यातली वर्णने ते आम्हांला सांगत. छापखाना बंद पडला, अंकाची प्रत वाळवीने खाल्ली. लेख तेवढा राहिला होता नानांच्या तोंडी. पन्नास वर्षांत त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. आता त्यांना एकाच डोळ्याने दिसते, तेही अक्षर मोठे असेल तर. वाचताना ते ओळीखाली बोट धरतात.

मी फोनवर तो लेख उघडून त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या ओळीखाली बोट धरले आणि ओठ हलवीत वाचू लागले. मागच्या खोलीत फोनला रेंज बेताचीच. चार ओळी झाल्या असतील, तोच वरचे तलावाचे छायाचित्र आले, आणि सारा मजकूर दणकन खाली गेला. बोट तिथेच, ओळ बेपत्ता! नानांनी शोधून ती पुन्हा धरली. मग दुसरे छायाचित्र आले. पुन्हा शोधाशोध. तिसऱ्याला त्यांच्या बोटाने भलत्याच ठिकाणी स्पर्श केला आणि एकदम क्रीडा विभागाचा अहवाल उघडला.

"हाई पान हालस, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी पुन्हा लेख उघडून देऊ लागले तर नको म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

संध्याकाळी चहाच्या वेळी ते आपण होऊन बोलले. "तुमच्या पानात ब्लॉकची जागा सोडलेली नाही कोणी."

"म्हणजे कसं, नाना?"

"अगं, आमच्याकडे मजकूर आधी यायचा आणि ब्लॉक मागून. ब्लॉक तयार होऊन पार्सलने यायचा, त्याचा काय भरवसा! म्हणून आम्ही काय थांबत होतो? माप आधी कळवलेलं असायचं. इतके एम रुंद, इतके एम उंच. तेवढ्या मापाच्या लाकडी पट्ट्या ठेवून द्यायच्या आणि भोवती मजकूर जुळवायचा. ब्लॉक आला की पट्ट्या काढल्या, ब्लॉक बसवला. एक खिळा हलत नव्हता." मग थोडे थांबून म्हणाले, "माप न विचारता पान लावलं असतं, तर फोरमनने कान धरला असता."

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या एस. टी.त बसले. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नाही. १८१८ नंतर खानदेशात कंपनी सरकारचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्जच्या कारकिर्दीत जुन्या धुळ्याशेजारी नवी वस्ती आखली गेली. आधी रस्ते आखले, मग घरे आली. घरे मागून आली म्हणून रस्त्याला कधी सरकावे लागले नाही. पारोळा गेले, एरंडोल गेले, आणि माझ्या डोक्यात हेच घोळत राहिले, की माप कुठे लिहायचे आणि ते आणायचे कुठून.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या चोपड्याच्या मुलाने दोन मिनिटांत दिले. संगणकावरचे पान म्हणजे छापून तयार झालेले पान नव्हे. ती एक चिठ्ठी असते. इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे अमुक नावाचे चित्र. वाचकाच्या फोनमधला ब्राउझर ती चिठ्ठी वाचतो आणि तिथल्या तिथे जुळाऱ्याचे काम करतो. मजकूर हलका असतो, तो तत्काळ येतो. चित्र जड, ते मागून येते. चिठ्ठीत चित्राची रुंदी आणि उंची लिहिलेली असली तर ब्राउझर तेवढी जागा मोकळी ठेवतो. नसली तर तो बिचारा काय करणार? मजकूर सलग लावून टाकतो, आणि चित्र आले की सगळ्यांना उठवतो. आमच्या जुन्या पानांत हजार चित्रांपैकी एकाचेही माप लिहिलेले नव्हते, आणि नव्या पानांतही आम्ही ते लिहिले नव्हते. म्हणजे फोरमनने धरायचा कान माझाच होता.

"मग पूर्वी कोणी मापं लिहीतच नव्हतं का?" मी विचारले. तर तसेही नाही. चित्राचा टॅग मार्क अँड्रीसन याने १९९३ साली मोझॅक या ब्राउझरसाठी सुचवला, तेव्हा त्यात चित्राचा पत्ता तेवढा होता. रुंदी-उंचीची सोय थोड्याच काळात आली आणि १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये ती रीतसर नोंदली गेली. काही वर्षे मंडळी निष्ठेने मापे लिहीत. मग मोबाईल आले आणि पडद्याची रुंदी हातागणिक बदलू लागली. तेव्हा 'चित्र पडद्याच्या रुंदीचे कर, उंचीचे तुझे तू पाहा' अशी आज्ञा देण्याची रीत पडली. तसे केले की टॅगमधली उंची बाद होई आणि चित्र येईपर्यंत जागा शून्य. माप लिहून उपयोग नाही म्हटल्यावर लोकांनी ते लिहिणेच सोडले. अखेर २०१९ सरता सरता क्रोम आणि फायरफॉक्स यांना शहाणपण सुचले. लिहिलेल्या मापावरून ते आता चित्राचे प्रमाण काढतात. चिठ्ठीत ८०० बाय ६०० असेल आणि पडदा ३६० रुंद असेल, तर २७० उंचीची जागा आधीच धरून ठेवायची. साधे त्रैराशिक! पण ते सुचायला इतकी वर्षे लागली. पुढल्या वर्षी, २०२० मध्ये, गूगलने तर पान किती हलते याला गुण देण्याची पद्धतच काढली, ०.१ पर्यंत हलले तर ते चांगले पान. नानांनी किती गुण दिले असते ते मी सांगत नाही.

राहिला दुसरा प्रश्न. हजार चित्रांची मापे घ्यायची कशी? मी फूटपट्टीच्या बेतात होते. मुलगा म्हणाला, "मॅडम, चित्र उघडायचीसुद्धा गरज नाही. फाईलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं." सटवाई जशी कपाळावर लिहिते, तसे प्रत्येक चित्र आपली रुंदी-उंची कपाळावर घेऊनच जन्मते म्हणायचे! आपण एक प्रोग्रॅम लिहू, तो प्रत्येक पानातला चित्राचा टॅग शोधील, ती फाईल उघडून कपाळ वाचील आणि माप टॅगमध्ये भरील. कल्पना नवी नाही असेही त्याने प्रांजळपणे सांगितले. गूगलने २०१० साली सर्व्हरसाठी काढलेल्या मॉड पेजस्पीड या साधनात, पान वाचकाकडे जाता जाताच त्यातल्या चित्रांची मापे भरण्याची सोय होती.

कपाळ वाचण्याच्या या विद्येत मी, भाषेची बाई, इतकी रमेन असे मला वाटले नव्हते. पीएनजी जातीचे चित्र सरळमार्गी. पहिले सोळा बाइट ओळख-परिचयाचे, मग चार बाइट रुंदीचे, चार उंचीचे. चोवीस बाइट वाचले की काम झाले, चित्र कितीही मोठे असो. जिफ त्याहून आटोपशीर. सहा बाइट नावगाव, मग दोन रुंदीचे नि दोन उंचीचे. पण एक गंमत आहे. पीएनजीमध्ये आकड्याचा मोठा भाग आधी लिहितात, आणि जिफमध्ये लहान भाग आधी. मुलाला वाटले हे मला समजावणे कठीण जाणार. मी म्हटले, "अरे, त्यात काय! आपण २५ लिहितो तेव्हा वीस आधी लिहितो, आणि पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी म्हणतो. एक लेखी मराठी, एक बोली." त्याने वहीत ते लिहून घेतले. वर्गात माझे कोणी काही लिहून घेतल्याचा प्रसंग अलीकडे दुर्मीळच.

आमची बहुतेक छायाचित्रे मात्र जेपेग जातीची, आणि जेपेग म्हणजे जुना वाडा. माप दारातच सापडत नाही. एकामागून एक दालने. प्रत्येक दालनाच्या उंबऱ्यावर त्याचे नाव आणि लांबी. ती वाचायची, तेवढे पुढे जायचे, पुढच्या उंबऱ्यावर पुन्हा तेच. असे करीत ज्या दालनात चित्राचा ताळेबंद आहे तिथे पोचायचे, आणि तिथेही उंची आधी नि रुंदी नंतर! मुलगा घाईचा. दालनागणिक चालत बसण्याऐवजी त्याने त्या शेवटच्या उंबऱ्यावरची खूण कुठे दिसते ती सरळ शोधायची आणि पुढचे आकडे उचलायचे, असे ठरवले. प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटात संपला. आम्ही पान उघडले तर स्नेहसंमेलनाची सगळी छायाचित्रे टपालाच्या तिकिटाएवढी झालेली! प्रत्येकाचे माप १६० बाय १२०. अध्यक्ष, प्राचार्य आणि ढाल हाती घेतलेली कबड्डीची चमू, सारे मुंगीच्या राज्यात.

कारण पुढे सापडले. कॅमेरा जेव्हा चित्र साठवतो, तेव्हा पहिल्याच एका दालनात, ज्याला एक्झिफ म्हणतात, तारीख, कॅमेऱ्याचे नाव वगैरे माहितीबरोबर त्या चित्राची एक चिमुकली प्रतही ठेवतो. ती प्रतही पुरती जेपेग. तिलाही तीच खूण. आमचा प्रोग्रॅम दारातच धन्याच्या तान्ह्या मुलाला भेटला आणि त्यालाच धनी समजून माप घेऊन परतला. उंबरा ओलांडून क्रमाने गेला असता तर हा घोटाळा झाला नसता.

तेव्हा त्याने हाताने लिहिलेला तो भाग काढून टाकला आणि पायथन भाषेतला पिलो नावाचा तयार संच घेतला. पिलो म्हणजे उशी. ही उशी खरेच आरामाची निघाली. सगळ्या जातींची कपाळे ती वाचते, आणि सगळे चित्र न उलगडता वाचते. आधीच ती का घेतली नाही, असे मी विचारले नाही. स्वतः एकदा ठेचकाळल्याशिवाय तयार वस्तूची किंमत कळत नाही, हे मी वृत्ते शिकवताना पाहिलेले आहे.

मापे आता बरोबर आली. तरी काही पाने हलतच होती. त्यांतले एक चाळीसगावच्या सहलीचे. केकी मूस यांच्या घरी आमची मुले गेली होती, त्या वेळचे. (टेबलावर घरगुती वस्तू मांडून ज्यांनी खरी वाटावीत अशी निसर्गदृश्ये टिपली, ते हे छायाचित्रकार १९८९ साली वारले, त्यांचे चाळीसगावचे घर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी अवश्य पाहावे.) दारात उभ्या मुलांचे ते उभे छायाचित्र, पण प्रोग्रॅमने जागा धरली होती आडवी. कॅमेरा आडवा असो की उभा, आतला पडदा चित्र बहुधा आडवेच टिपतो, आणि एक्झिफमध्ये तळटीप लिहितो, 'हे दाखवताना फिरवून दाखवा'. आजचे ब्राउझर ती तळटीप मानतात. आम्ही मूळ आकडे वाचले आणि तळटीप सोडली. म्हणून ठेंगण्या पाहुण्याचे पान मांडले नि आला उंच माणूस! मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना तळटिपा वाचा म्हणून सांगत आले. जिथे ती टीप असेल तिथे रुंदी-उंचीची अदलाबदल करायची, एवढे दुरुस्त केले आणि पाने स्थिर झाली.

अकरा चित्रे अशी निघाली, की त्यांची फाईलच कुठे नव्हती. माप कोणाचे घेणार? नानांना फोन केला. ते म्हणाले, "ब्लॉक आलाच नाही तर आम्ही नक्षी टाकत होतो. पण खालची ओळ काढायचो नाही. माणसाचं नाव राहिलं पाहिजे." आम्ही अकरा टॅग काढले आणि चित्रांखालच्या नावांच्या ओळी मजकुरात घेतल्या.

भाद्रपदात सगळी पाने वर चढली. पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले. मुद्दाम मागच्या खोलीतच, जिथे रेंज बेताची, नानांच्या हाती फोन दिला. त्यांनी जरा संशयानेच चष्मा लावला. तलावाच्या छायाचित्राच्या जागी एक रिकामी चौकट होती, तिच्याखाली लेख. त्यांनी बोट धरले. मी त्या चौकटीकडे पाहत होते. हळूहळू तीत तलाव उतरला. बोटाखालची ओळ जागची हलली नाही. दुसरे छायाचित्र आले, तिसरे आले. नाना वाचीत होते. चहा निवला, आईने दोनदा येऊन पाहिले, पण कोणी त्यांना हाक मारली नाही.

शेवटची ओळ झाल्यावर ते बोटाने पान मागे सरकवीत पुन्हा मध्यावर आले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"हे बघ. 'तलावावर संध्याकाळचे ऊस पसरले होते.' ऊस नाही, ऊन. 'न' च्या घरात कोणीतरी 'स' टाकलेला होता, आणि मी न पाहता उचलला. प्रुफातही सुटला. त्र्याहत्तर सालापासून माझ्या मनात आहे ते."

टंकलिखित करणाऱ्याने मूळ अंकाशी इमान राखून ऊसच लिहिला होता. मी विचारले, "सुधारू का, नाना?"

"सुधार ना," ते म्हणाले, "आणि दिवाळीला येशील तेव्हा मला दाखव."